भागाबाईंचा चौथा रविवार

दिवाळी सरली की औरंगपुऱ्यातल्या दुकानदारांना उरलेले आकाशकंदील नकोसे होतात. मग आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बाया तिथं जातात आणि चांदणीच्या आकाराचे तेवढे वेचून आणतात. कागद जरा चुरगळलेला असतो, एखादं टोक वाकलेलं असतं, पण तारा तो तारा. नोव्हेंबर संपता संपता ते एकेका दारावर चढतात. शेजारचे भालेराव स्वतःची शिडी घेऊन येतात आणि तारा सरळ लागला की नाही ते रस्त्याच्या पलीकडं जाऊन बघून सांगतात. त्यांच्या घरात बुद्धाची तसबीर आहे, पण आमच्या ताऱ्याबद्दल त्यांचा शब्द शेवटचा.

त्याच सुमाराला थंडी येते. इथली थंडी कोरडी. ओठ फुटतात, टाचा फुटतात, सकाळी चर्चच्या दगडी भिंतीला पाठ टेकवत नाही आणि दुपारी बाराच्या उन्हात स्वेटर काढावासा वाटतो. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी उपासनेला आलं की आधी डांबरगोळ्यांचा वास येतो. सगळ्यांनी पेट्यांतून, कपाटांतून लोकरीचे कपडे काढलेले असतात. त्या वासात नव्या चुन्याचा वास मिसळतो, कारण नाताळाच्या आधी भिंती पांढऱ्या करायची चाल अजून मोडलेली नाही. मला डोळे मिटून कुणी तिथं उभं केलं तरी मी महिना सांगेन.

यंदा आगमनकाळाचा पहिला रविवार आला तेव्हा मी मागून तिसऱ्या बाकावर होतो. चौतीस वर्षं पाळक म्हणून समोर उभा राहिलो, आता निवृत्त झालो. समोरून चेहरे दिसायचे, आता पाठी दिसतात. कुणाची पाठ ऐकते आहे आणि कुणाची नुसती बसली आहे, हे कळायला लागलं आहे. नवे पाळक माझ्या मुलाच्या वयाचे आहेत. त्यांनी अशोकाच्या पानांच्या कड्यातली पहिली मेणबत्ती लावली आणि वाट पाहण्यावर प्रवचन केलं. नाताळाआधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ, आणि तो वाट पाहण्याचा काळ. दर रविवारी एक मेणबत्ती वाढते. मीही दर वर्षी हेच सांगायचो. घाई करू नका, थांबा, देव त्याच्या वेळेनं येतो. सांगताना पाचव्या बाकाच्या कडेला बसलेल्या एका बाईकडं पाहायचं मात्र टाळायचो.

त्या भागाबाई. मंडळी त्यांना मावशी म्हणायची.

मी पहिल्यांदा या शहरात आलो त्याला बावीस वर्षं झाली. तेव्हा सगळे औरंगाबादच म्हणत. बदली जूनमध्ये झाली, सामान ट्रकमधून उतरवताना पुस्तकांची खोकी सगळ्यात जड निघाली आणि हमालांनी विचारलं, साहेब, दगड भरलेत का? मला त्याचा अभिमान वाटला होता. माझे वडील शाळामास्तर. आमच्या घरात 'न' आणि 'ण' यांतला फरक छडीनं शिकवला गेला. जेवताना कुणी चुकीचा शब्द उच्चारला तर वडील घास थांबवून तो दुरुस्त करायला लावत आणि मगच पुढचा घास घेत. त्याचा त्रास व्हायचा, पण मोठा झाल्यावर माझ्याही नकळत माझा घास तसाच थांबू लागला.

भागाबाई नुकत्याच एका इस्पितळाच्या बाळंतपणाच्या वॉर्डातून निवृत्त झाल्या होत्या. तीस वर्षं आया होत्या. ठेंगण्या, सावळ्या, नऊवारी लुगड्यावर पुरुषी धाटणीचा राखाडी स्वेटर, पायात इस्पितळातले पांढरे कापडी बूट. नवरा सुवार्तिक होता. अजिंठ्याकडच्या खेड्यांमधून सायकलवर हिंडून तो प्रभूची गोष्ट सांगायचा आणि घरी आला की चुलीपाशी बसून मोठ्यानं वाचायचा. त्या भाकरी थापत ऐकायच्या. मुलगी रिबेका चार वर्षांची असताना तो तापानं गेला. भागाबाई मुलीला घेऊन शहरात आल्या त्या इथल्याच झाल्या.

आगमनकाळाच्या चौथ्या रविवारचा शास्त्रपाठ, म्हणजे बायबलचं वाचन, त्यांच्याकडं असायचा. कधीपासून, ते कुणालाच सांगता येत नव्हतं. मी आलो त्या वर्षी कमिटीनं वाचकांची यादी माझ्यापुढं ठेवली, तेव्हा तीन रविवार रिकामे होते आणि चौथ्यापुढं नाव आधीच लिहिलेलं होतं.

त्या दिवशी चर्च भरलेलं होतं. मला वाटलं, नाताळ जवळ आला म्हणून. दाराबाहेरसुद्धा बाया उभ्या होत्या, गल्लीतल्या, कपाळावर कुंकू असलेल्या, पदर डोक्यावर घेतलेल्या. त्या आत येत नसत, उंबऱ्यापाशी उभं राहून ऐकत. भागाबाई समोर आल्या, मोठं पुस्तक उघडलं, पानावर तळहात ठेवला आणि सुरू झाल्या.

देवदूत आला तेव्हा मरिया घर सारवत होती, आणि तिनं त्याला सांगितलं, "पाय नगं ठिवूस, ओलं हाय." म्हणून तो दारातच उभा राहून निरोप सांगतो. योसेफ मुका नव्हता, पण बोलायचा नाही. नववा भरलेला, रस्ता खडीचा, आणि गाढव आपलं पायाखाली बघून चालतंय. धर्मशाळेचा मालक जागा नाही म्हणाला, त्याचंही खोटं नव्हतं, माणसं अंगणात झोपली होती. पण त्याची बायको आतून ऐकत होती. ती मागच्या दारानं गोठ्यात आली, एका हातात ऊन पाण्याचं भगुनं आणि काखेत जुनं मऊ लुगडं. "पहिलटकरीण हाय," ती म्हणाली, "तिला एकटीला कसं ठिवायचं?" आणि बाळ आधी रडलंच नाही. सगळे घाबरले. मग त्या बाईनं पाठीवर थाप मारली, मग रडलं.

इथं चर्चमधल्या बायांनी सुस्कारा सोडला. दरवर्षी सोडत असाव्यात. म्हातारे पुरुष डोळे पुसत होते. आणि मी वेदीजवळच्या खुर्चीत ताठ बसून मोजत होतो, कुठला शब्द पुस्तकात नाही, कुठली ओळ पदरची आहे. मला वाटलं ही बाई वाचताना मनचं घालते. ती वाचत नाही, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. तिनं पान एकदाही उलटलं नव्हतं, तेही मी पाहिलं नाही.

त्यानंतर माझं प्रवचन होतं. चांगली तयारी केली होती. ते पडलं. लोक शांत होते, पण ते अजून गोठ्यात होते, माझ्यापाशी आलेच नाहीत. ही गोष्ट मी तेव्हा कबूल केली नसती. शास्त्र शुद्ध राहिलं पाहिजे, असंच मी स्वतःला सांगितलं. खाली कुठंतरी साधी असूया होती. शिकलेल्या माणसाला आपल्या असूयेसाठी चांगलं नाव चटकन सापडतं.

पुढच्या वर्षी डिसेंबर आला. वर्षभरात माझा जम बसला होता. नाताळाच्या फराळासाठी बायांबरोबर शहागंजला जाऊन मी खोबरं, खसखस, वेलदोडे आणले होते, कुणाच्या शेतावर हुरडा खाल्ला होता, लोक घरी बोलावत होते. मला वाटलं, आता थोडी सुधारणा करायला हरकत नाही. वाचकांसाठी मी उतारे नव्यानं निवडले. चौथ्या रविवारी जन्माची गोष्ट न ठेवता संदेष्ट्यांचा एक जुना, अवघड उतारा ठेवला. त्यात कुणाला पदरचं घालता आलं नसतं. तो औरंगपुऱ्यातून मोठ्या अक्षरांत टाइप करून आणला. मोठी अक्षरं मुद्दाम, भागाबाईंच्या वयाचा विचार करून. मला तो माझा चांगुलपणा वाटत होता.

शमुवेल मास्तर पेटी वाजवायचे. आयुष्यभर शाळेत गाणं शिकवलेला माणूस, मोजकं बोलणारा. शनिवारी गाण्यांचा सराव संपल्यावर ते पेटीचा भाता बांधत म्हणाले, "साहेब, मावशीचं तेवढं राहू द्या की. जसं हाय तसं."

"मास्तर, आपुलकी वेगळी आणि वचन वेगळं," मी म्हणालो. "त्यांनाही नवीन उतारा वाचायला आवडेल."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. काहीतरी सांगणार असं वाटलं. मग पेटीवर कापड घालून ते गेले. त्याच संध्याकाळी मी हॉलमध्ये भागाबाईंच्या हातात तो कागद दिला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला, चार घड्या घातल्या आणि कमरेला खोचला.

"बरं साहेब," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी चर्च पुन्हा भरलेलं. उंबऱ्यात बाया. चौथी मेणबत्ती लावून झाली. भागाबाई समोर आल्या, कागद उलगडला, आणि पहिलं वाक्य त्यांनी बरोबर म्हटलं. दुसऱ्याचे तीन शब्द म्हटले. मग थांबल्या.

मी खुर्चीत वाट पाहिली. किती वेळ, ते मला आजही ठाऊक आहे. फार नाही. वीस श्वास. कुणीतरी खोकलं. त्या कागदाकडं पाहत होत्या आणि कागद हलत नव्हता, हात स्थिर होता. त्या हळूच म्हणाल्या, "चष्मा इसरला."

तिथं मी गप्प बसलो असतो तर. नुसतं "बसा मावशी" म्हणालो असतो तर. मी उठलो, माझ्या डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि मंडळीदेखत त्यांना दिला. त्यांनी तो नाकावर चढवला. त्यांच्या चेहऱ्याला तो मोठा होता. त्या पुन्हा कागदाकडं पाहू लागल्या. मी अजून पुढं गेलो. त्यांच्या शेजारी उभा राहिलो आणि ओळीवर बोट ठेवलं.

"इथून, भागाबाई. इथून पुढं."

चष्म्याविना मला समोरची मंडळी धूसर दिसत होती. म्हणून मला चेहरे दिसले नाहीत. पण आवाज बंद झाला होता. शंभर घरांची मंडळी श्वास धरून बसली होती आणि त्या सगळ्यांना जे माहीत होतं ते फक्त मला माहीत नव्हतं. मग शमुवेल मास्तरांनी पेटीच्या पट्ट्या दाबल्या आणि गाण्याची वेळ नसताना गाणं सुरू केलं. सगळे एकदम उभे राहिले, इतके पटकन की बाकं वाजली.

भागाबाईंनी चष्मा काढला. पदरानं दोन्ही काचा पुसल्या. "घ्या साहेब," त्या म्हणाल्या आणि गाणाऱ्या लोकांमधून वाट काढत आपल्या जागेवर गेल्या. चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला तेव्हा मला कळलं.

दुपारी मी जेवायला बसलो. माझी पत्नी सुहासिनी तव्यावर पोळी टाकत होती. "तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?" तिनं विचारलं.

"तुला होतं?"

"रिबेका सोलापूरच्या इस्पितळात नर्स आहे ना, तिची पत्रं माझ्याकडूनच वाचून घेतात त्या."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"कुणाला सांगू नका म्हणाल्या होत्या." तिनं पोळी उलटली. "आणि मला वाटलं, वर्षभरात तुमच्या लक्षात येईल."

त्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेलो. एकच खोली, दारावर पिवळा तारा, आत तेल तापल्याचा वास. त्या शंकरपाळे तळत होत्या. माझ्यासाठी त्यांनी पाट सरकवला, कारण खुर्ची डुगडुगत होती. मी वाटेत वाक्य ठरवून आलो होतो. माझी चूक झाली. तीनच शब्द होते. पण त्यांनी पाणी दिलं, सुहासिनीची चौकशी केली, घशाला थंडीचा त्रास होतो का विचारलं, आणि त्यांच्या त्या सरळ वागण्यानं माझं ठरवलेलं वाक्य मागं पडलं. मग मी वेगळंच बोललो.

"भागाबाई, शिकायला वय नसतं. जानेवारीपासून आपण हॉलमध्ये मोठ्या माणसांसाठी अक्षरओळखीचा वर्ग काढू."

"काढा की. तरण्या बाया येतील."

"आणि तुम्ही?"

त्यांनी झाऱ्यानं शंकरपाळे उलटे केले, तांबूस झालेले एका कडेला घेतले. "साहेब, तीस वर्सं बाळतपनं केली. मोठ्या डाक्टरीनबाई बी म्हनायच्या, भागाबाई, जरा हात लावून बघ गं. तवा कुनी म्हनलं नाय का, आधी वाचून दाव."

रागानं नाही म्हणाल्या. तेल महागलं हे सांगावं तसं म्हणाल्या. निघताना त्यांनी डबा भरून दिला. "पाळकीनबाईस्नी द्या. गोड जास्त झालंय का इचारा." मी डबा घेऊन आलो. क्षमा मागायला गेलेला माणूस फराळ घेऊन परत आला.

त्या चर्चला यायच्या थांबल्या नाहीत. रुसून घरी बसल्या असत्या तर माझ्यावर उपकार झाले असते, मला समजूत काढायला जाता आलं असतं. त्या दर रविवारी आल्या, पाचव्या बाकाच्या कडेला बसल्या. नाताळाची झाडलोट केली, गव्हाणीसाठी कडबा आणला, आजाऱ्यांना डबे पोचवले. पुढच्या डिसेंबरात, हॉलमध्ये सगळे जमलेले असताना, मी जाता जाता सहज बोलावं तसं म्हणालो, "मावशी, यंदा चौथा रविवार तुमचाच हं. तुमच्या पद्धतीनं."

"नाय साहेब. आता डोळं गेलं."

त्या वेळी त्या नाताळाच्या जेवणाचे तांदूळ निवडत होत्या. बारीकातला बारीक खडा काढून बाजूला टाकत होत्या. मी ते पाहिलं, आणि तरी मान हलवून पुढं गेलो. मला सुटल्यासारखं वाटलं. दुसऱ्यांदा विचारायला हवं होतं, तिसऱ्यांदा विचारायला हवं होतं, एकटीला गाठून विचारायला हवं होतं. पुढच्या वर्षी विचारू, असं मी चार वर्षं म्हणालो.

चौथ्या रविवारचं वाचन मग तरुणांकडं पाळीपाळीनं गेलं. ते चांगलं वाचत. हळूहळू उंबऱ्यातल्या बाया येईनाशा झाल्या. एका बैठकीत मी कमिटीपुढं विषयही मांडला होता, की शेजाऱ्यांचा आपल्या नाताळातला सहभाग कमी का होतो आहे. सगळे टेबलाकडं पाहत बसले. शमुवेल मास्तरांनी चहा मागवला.

मग माझी बदली झाली. दुसरी गावं, दुसऱ्या मंडळ्या, दुसरे डिसेंबर. प्रत्येक ठिकाणी चौथा रविवार आला की मी वाचकाला आधी घरी बोलावून विचारायचो, तुम्हाला कोणता भाग आवडतो, तुमच्या शब्दांत सांगायचा आहे का. लोकांना वाटायचं, हे पाळक मोठे मोकळ्या मनाचे आहेत. मी ते ऐकून घ्यायचो.

निवृत्तीनंतर मुलाच्या नोकरीमुळं याच शहरात परत आलो. तो गेल्या वर्षीचा मे महिना होता. भागाबाई अंथरुणाला खिळल्या आहेत, हे पहिल्याच आठवड्यात कळलं. एकदा सुहासिनीबरोबर जाऊन आलो. खोली तीच होती, त्यांनी मला ओळखलं, उशीवरून मान किंचित उचलून "जय ख्रिस्त साहेब" म्हणाल्या. घरात माणसं होती. मी प्रार्थना केली आणि निघालो. मनाशी ठरवलं की आगमनकाळ लागला की एकटा येईन. तेव्हा बोलेन, तेच योग्य होईल, आणि जमलं तर त्यांच्या तोंडून ती गोष्ट पुन्हा ऐकेन. मी क्षमा मागण्यासाठी मुहूर्त पाहत होतो. त्या सप्टेंबरात गेल्या.

दफनाच्या वेळी मला बोलायला सांगितलं. मी त्यांच्या सेवेबद्दल बोललो, त्यांच्या हातून जन्मलेल्या लेकरांबद्दल बोललो, त्या वचनावर प्रेम करणाऱ्या बहीण होत्या असं म्हणालो. त्या रविवारबद्दल बोललो नाही. कबरस्थानात पाऊस नुकताच थांबला होता, माती चिकट होती, रिबेका समोर उभी होती आणि मी बोलत असताना ती माझ्या बुटांकडं पाहत होती.

गेल्या डिसेंबरात मला धीर झाला नाही. यंदा पहिली मेणबत्ती लागली तेव्हा मी ठरवलं की निदान ती गोष्ट तरी गोळा करायची. शमुवेल मास्तर आता ऐंशीच्या पुढं आहेत. उन्हात खाट टाकून बसले होते. त्यांना विचारलं तर म्हणाले, "गाढवाचं नाव काय ठिवलं होतं हो मावशीनं?"

गाढवाला नाव होतं, हेच मला आठवत नव्हतं. दुसरी एक आजी म्हणाल्या, ती धर्मशाळेवाल्याची बायको वांझ होती, म्हणून तिला राहवलं नाही. आणखी एक म्हणाल्या, वांझ कसली, तिची पोर बाळंतपणात गेली होती. प्रत्येकाकडं एकेक तुकडा होता आणि ते एकमेकांना जुळत नव्हते. मी ती सबंध एकदाच ऐकली होती, चुका मोजत.

शेवटी रिबेकाकडं गेलो. ती आता पंचावन्नच्या पुढं गेली आहे, आईच्याच वॉर्डात मोठी सिस्टर आहे. ड्यूटीवरून येऊन नुकताच चहा टाकला होता. या वेळी मी पाणी यायच्या आधी बोललो.

"रिबेका, माझी चूक झाली. तुझ्या आईच्या बाबतीत."

तिनं गॅस बारीक केला. "मला कशाला सांगता साहेब?"

मग तीच म्हणाली, "तो कागद तिनं त्या शनिवारी शेजारच्या वैनीकडून तीनदा वाचून घेतला होता. पाठ करीत बसली होती. वैनीनं मला सांगितलं, तिनं नाय. अवघड भाषा होती ना. एका संध्याकाळीत कशी येणार."

मला हे माहीत नव्हतं. मी चहाच्या कपाचा कान धरून बसून राहिलो. मग विचारलं, "तुला ती गोष्ट आठवते?"

"सगळी."

"चौथ्या रविवारी तू सांगशील? लोकांना ऐकायची आहे. मला ऐकायची आहे."

"नाय साहेब." ती शांत होती, अगदी आईसारखी. "त्यानंतर तिनं ती घरी पण कधी सांगितली नाही. माझी पोरं लहान होती, मी त्यांना सांगायला लागले तर मला म्हणाली, नगं, ते खरं न्हाई. खरं साहेबांच्या कागदात हाय."

"मी असं कधी म्हणालो नाही गं."

"व्हय," रिबेका म्हणाली. "म्हणाला नव्हता तुम्ही."

तिनं माझा कप उचलला, कारण चहावर साय धरली होती, आणि गरम करून परत आणून दिला. मी निघालो तेव्हा ती दारापर्यंत आली. "तुमच्यावर राग नाही साहेब," ती म्हणाली. "पण आईनं जे बंद केलं ते मी उघडणार नाय. तुम्ही वाचा की. चांगलं वाचता तुम्ही."

योगायोग असा की दोनच दिवसांनी नव्या पाळकांचा फोन आला. चौथ्या रविवारचं वाचन ज्येष्ठ म्हणून मी करावं, अशी त्यांची इच्छा होती. उतारा जन्माचाच होता. मी हो म्हणालो. मनात होतं की उभा राहीन आणि आधी सगळं सांगून टाकीन, मंडळीसमोर केलेलं मंडळीसमोरच सांगायला हवं. मग रिबेकाचं दार आठवलं. मी सांगितलं असतं तर माझं मन हलकं झालं असतं, आणि तिच्या आईला पुन्हा एकदा सगळ्यांच्या समोर, हातात कागद घेऊन उभं राहावं लागलं असतं.

रविवारी चारही मेणबत्त्या लागल्या. चर्च अर्धं भरलेलं होतं. उंबऱ्यात कुणी नव्हतं, बाहेर उन्हात कुणाची तरी स्कूटी लावलेली दिसत होती. मी पुस्तक उघडलं आणि वाचू लागलो, सावकाश, प्रत्येक शब्द त्याच्या जागी. तरुण मुलं भिंतीवरच्या पडद्यावर तीच वाक्यं वाचत होती. रिबेका मांडीवर हात ठेवून बसली होती.

धर्मशाळेत जागा नव्हती, तिथपर्यंत आलो आणि माझा श्वास जरा अडखळला. त्या एवढ्याशा थांबण्यात मागच्या बाकावरच्या दोन म्हाताऱ्यांनी माना वर केल्या. त्या माझ्याकडं पाहत राहिल्या, पुढं काय येतं ते ठाऊक असल्यासारख्या.

मी पुढची ओळ वाचली. वाचनात एकही चूक झाली नाही. नंतर अंगणात चहा घेताना तिघाचौघांनी मला तसं सांगितलंही.